म्हातारघरातली चिमणी

ते साल दोन हजार सोळा होतं. हातातल्या फोनची नवलाई तेव्हा अजून पुरती ओसरली नव्हती. नवा फोन घेतला की लोक तान्ह्या बाळासारखा तो दहा घरी दाखवून आणत. आणि नेमक्या त्याच साली एका जातीचे फोन पटापट मरायला लागले होते. आधी मंद व्हायचे, मग तापायचे, मग एके दिवशी काळे पडायचे ते पडायचेच. घेऊन जेमतेम दीड वर्षसुद्धा झालेलं नसायचं.

ताईंना फोन आला तेव्हा त्या दुपारचा चहा गाळत होत्या.

"ताई, मी फौजदार बोलतोय."

हा फौजदार पोलिसातला नव्हे. फोनची चिप तयार करणाऱ्या कंपनीत तो चिपचे नकाशे तपासायचा. कुठे दोन रेघा फार जवळ आल्या, कुठे एखादी फार बारीक झाली, ते हुडकून पकडणं हे त्याचं काम. म्हणून सगळ्यांनी त्याला फौजदार करून टाकलं होतं.

"बोल रे. आज कशी आठवण झाली म्हातारीची?"

"ताई, थट्टा नको. म्हातारघरातली भट्टी तापलीय."

ताईंच्या हातातली गाळणी कपावर तशीच राहिली.

"कोणी लावली?"

"तेच तर कळत नाही. खोलीला कुलूप आहे. आज सुट्टी, ऑफिसात चिटपाखरू नाही. मी छत्री विसरलो होतो ती न्यायला आलो. जाता जाता दाराला हात लागला, तर दार ऊन. आतून घरघर ऐकू येतेय. लोक गेले काही महिने कुजबुजत होतेच, मी कानाआड केलं."

"काय कुजबुजत होते?"

फौजदार जरा अडखळला. "की दादा अजून येतात म्हणून. काम अर्धं टाकून गेले, ते पुरं करायला."

दादा म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. जाऊन दोन वर्षं झाली होती.

म्हातारघर हे नाव ताईंनीच पाडलं होतं. एवढ्याशा नखाएवढ्या चिपमध्ये केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या तारा. त्यांतून वीज धावते आणि धावता धावता तारेचे कण थोडे थोडे पुढे ढकलत नेते, नदी काठची माती नेते तशी. कधीतरी काठ खचतो, तार तुटते आणि चिप मरते. ते कधी, हे विकण्याआधी कळावं म्हणून चिपा मोठ्या भट्टीत ठेवायच्या आणि त्यांत वीज सोडून आठवडेच्या आठवडे तापवायच्या. कडक उष्णतेत चिप भराभर म्हातारी होते. इतक्या हालातूनही जी तगली, ती माणसाच्या हातात दहा वर्षं सुखाने नांदेल, असा तो हिशोब.

ती खोली ताईंनी उभी केली, निवृत्त होताना भावाच्या हाती दिली. आणि एका भर दुपारी, त्याच खोलीत, त्याच खुर्चीत धाकट्याचं हृदय बंद पडलं. तेव्हापासून खोली कुलूपबंदच होती. शेवटच्या आठवड्यात त्याने एक चिप पास केली होती. ती चिप ज्या फोनांत गेली, तेच हे मरणारे फोन.

आता कंपनीत चौकशी चालू होती. निष्कर्ष जवळपास ठरलेला होता: धाकट्याने चिपा भट्टीत घातल्याच नाहीत, तपासल्याशिवाय सही ठोकली. येत्या शुक्रवारी तसा अहवाल जाणार होता.

"कोणाचा फोन, वन्सं?" भावजयीने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. धाकटा गेल्यापासून दोघी एकत्रच राहत.

ताईंनी सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. ती चेहऱ्यावरून ओळखायची.

भावजय ओट्याला टेकून उभी राहिली.

"वन्सं, एक करा माझ्यासाठी. ते खोटं बोलले होते का, एवढंच मला शोधून द्या. बोलले असतील तर तसं सांगा, मी सोसेन. पण हे असं लोंबकळत राहणं नाही सोसवत. रात्रंदिवस त्यांच्याकडे संशयाने बघायचं, आणि ते समोर नाहीत उत्तर द्यायला."

दुसऱ्या दिवशी ताई कंपनीत गेल्या.

साहेब उठून दारापर्यंत आले. कंपनीत आता सगळ्यांत मोठे ते. पण एके काळी ताई आणि साहेब एकाच टेबलाच्या दोन बाजूंना वाकून काम करत. तेव्हा संगणकावर नकाशे नव्हते. खालून उजेड दिलेल्या काचेवर लाल पापुद्रा अंथरायचा आणि पात्याने एकेक रेघ कापायची. जेवणाच्या सुट्टीत दोघांच्या चष्म्यांवर लाल कपटे चिकटलेले असत.

"मान मोडायची हो ताई," साहेब हसून म्हणाले. "आताच्या पोरांची मजा आहे. यंत्रच नकाशा तपासतं. चुकीच्या ठिकाणी लाल खुणा करून देतं, एक बटण दाबलं की झालं. आपले डोळे फुकट गेले."

"साहेब, म्हातारघराची किल्ली हवी होती."

हसू हळूहळू मावळलं. "कशाला जिवाला त्रास करून घेता? भट्टीचं बटण नादुरुस्त असेल."

"असेल. बघून येते."

"तुमच्या भावाबद्दल मला राग नाही हो. शेवटी शेवटी त्याची तब्येत बरी नव्हती. घाईत झालं असेल. अहवालात तसंच लिहीन मी, सौम्य भाषेत."

"सौम्य भाषेत खोटारडाच ना?"

साहेबांनी खण उघडला आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"दुसरी कोणाकडे आहे?"

"एक तुमच्या भावाकडे होती. त्याच्या वस्तूंबरोबर घरी गेली असेल."

वस्तू घरी आल्या होत्या. चष्मा, डबा, पेन. किल्ली नव्हती. ताईंनी ते मनात ठेवलं, बोलून दाखवलं नाही.

म्हातारघराचं दार उघडलं आणि ऊन हवेचा झोत तोंडावर आला. तापलेल्या धातूचा, धुळीचा आणि जुन्या लाकडाचा वास. फौजदार उंबऱ्यावरच थांबला.

"मी इथून बघतो, ताई. आत दोघांना अडचण होईल."

"घाबरलास म्हण की."

"घाबरलोच आहे. उगाच शूरपणा कशाला दाखवू?"

ताई आत गेल्या. भट्टीचा हिरवा दिवा लागलेला होता. घरघर चालू होती, एखादं माणूस गाढ झोपेत श्वास घेतं तशी. खुंटीवर धाकट्याचा पांढरा कोट होता. भट्टीच्या वाऱ्याने त्याची एक बाही मधूनच हले, परत थांबे. ताईंना वाटलं, आता मागून आवाज येईल: काय ताई, तपासायला आलीस ना माझं काम? त्यांनी वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं आणि कोणी दिसलं नसतं, तर ते अधिक जड गेलं असतं.

मग त्या खुर्चीकडे बघत राहिल्या.

"फौजदार, या खुर्चीत बसतोस का?"

"मरायला? तसाही मी त्यात मावत नाही. हातांच्या मधे अडकतो."

ते खरं होतं. फौजदाराचा घेर मोठा होता. साहेब आणि धाकटा दोघंही ताडमाड. पण खुर्ची अगदी खाली, शेवटच्या खुंटीपर्यंत उतरवलेली होती. आणि टेबलाखाली, पाय ठेवायला, एक पुठ्ठ्याचं खोकं होतं.

"पाय न पोचणारं भूत आहे तुमचं," ताई म्हणाल्या. "रेघोटीला बोलाव."

रेघोटी म्हणजे चिपचा नकाशा काढणारी. बुटकीशी, बोलायला तुरतुरी, चाळिशीची. ऑफिसातल्या टेबलाखाली तिचं असंच खोकं असे. कामाच्या गडबडीत तिची एक लहर सगळ्यांना ठाऊक होती: प्रत्येक चिपच्या रिकाम्या कोपऱ्यात, सर्वांत वरच्या थरात, ती एक चिमणी काढायची. डोळ्यांना कधीच दिसणार नाही इतकी लहान. चिपवर असं गुपचूप चित्र सोडणं ही या धंद्यातली जुनी हौस. ताईंच्या वेळीही कोणी होडी काढी, कोणी नुसतं हसरं तोंड. रेघोटीची चिमणी. धाकट्याने तिला पोटच्या पोरीसारखं शिकवलं होतं.

ती आली, खुर्चीकडे पाहिलं आणि तिथेच जमिनीवर बसली.

"किल्ली तू ठेवलीस?" ताईंनी विचारलं.

"हो."

"त्याच्या वस्तू बांधताना?"

"हो. नुसती आठवण म्हणून ठेवली होती, ताई. शपथ."

"आणि भट्टी?"

"फोन मरायला लागल्यावर लावली. सुट्टीच्या दिवशी यायचे, चिपा ठेवायचे, अधूनमधून बघून जायचे."

"कुठल्या चिपा?"

"विक्रीच्या. गोदामातल्या. मला वाटलं, दादा खोटं बोलणार नाहीत. या चिपा तगतील आणि मग मी सगळ्यांच्या तोंडावर नेऊन आपटेन."

"आणि?"

रेघोटीने पदराने डोळे पुसले. "नाही तगल्या. प्रत्येक वेळी मरतात, अर्ध्या वाटेतच. मग मी गप्प बसले. काय सांगू? दादांनी न तापवताच सही केली, हे माझ्याच हाताने सिद्ध झालं. आता भट्टी बंद करवत नाही. वाटतं, पुढच्या खेपेला तगतील."

उंबऱ्यावरून फौजदाराचा आवाज आला. "माझे केस पांढरे केलेस तू. भूत म्हणून रामराम करत होतो."

"तुझे आधीपासूनच पांढरे होते," रेघोटी रडता रडता म्हणाली.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. धाकट्याची सवय त्यांना माहीत होती, कारण ती त्यांनीच लावली होती: भट्टीतून पार पडलेल्या चिपा टाकायच्या नाहीत, जपून ठेवायच्या. त्या शेवटच्या चिपेचे नमुने बसवलेली पाटी कपाटात होती. वर छापलेलं नाव, आकडा, सगळं विक्रीच्या चिपेसारखंच.

"या तू कधी लावून बघितल्यास?"

"कशाला? त्या कोऱ्याच असणार. न तापवलेल्या."

"असणार म्हणजे बघितलं नाहीस."

ताईंनी पाटी यंत्राला जोडली. चिपा एकामागून एक जाग्या झाल्या. सगळ्या जिवंत.

"बघा," रेघोटी पुटपुटली. "कोऱ्या. म्हणून जिवंत."

"थांब जरा. वय विचारू या तिला."

प्रत्येक चिपमध्ये एक इवलंसं वर्तुळ असतं. त्यात वीज गरगर फिरत राहते. चिप तरुण असली की फेरी झटपट होते, म्हातारी होत गेली की रेंगाळते. माणसाच्या चालीवरून वय ओळखावं तसं. ताईंनी तो वेग मोजला. मग रेघोटीला म्हणाल्या, "ये, तू वाच. माझ्यावर विश्वास नको ठेवूस."

रेघोटीने वाचलं. परत वाचलं.

"ताई, या म्हाताऱ्या आहेत."

"दहा वर्षं जगून झालेल्या. म्हणजे माझ्या भावाने त्या पूर्ण तापवल्या. आणि तरी ठणठणीत आहेत." ताईंनी पाटीवरून बोट फिरवलं. "त्याने सही केली ती खरी होती."

"मग माझ्या का मरतात?"

"तेच बघायचं. कवच काढ."

आम्लाने चिपेचं काळं कवच उतरवायला दुपार गेली. आधी भावाची म्हातारी चिप सूक्ष्मदर्शकाखाली आली. पडद्यावर तारांचं जाळं उमटलं, हमरस्ते, गल्ल्या, बोळ, वरून बघितलेल्या शहरासारखं. कोपऱ्यात चिमणी. गोल पोट, वर उचललेली शेपटी, काडीसारखे दोन पाय.

"माझीच," रेघोटी म्हणाली.

मग विक्रीची चिप. तेच शहर, तोच कोपरा. चिमणीही तिथेच होती. फक्त तिला पाय नव्हते. पोटाखाली काहीच नाही. हवेत टांगलेलं नुसतं धड.



"भुताचे पाय उलटे असतात म्हणतात," फौजदार हळूच म्हणाला. तो नकळत आत येऊन उभा राहिला होता. "हिचे तर नाहीतच."

"ही माझी नाही," रेघोटी म्हणाली. "मी अशी काढलेली नाही."

"शांत हो. नीट आठव. भट्टीत चिपा गेल्या तेव्हा नकाशा पुरा झाला होता?"

"हो."

"नंतर काही बदललं?"

"नाही. म्हणजे एक खोट निघाली होती. कॅमेरा चालू असताना कॉल आला की फोन गोठायचा. आम्ही सगळे हादरलो. नकाशा बदलला असता तर परत चिपा बनवा, परत भट्टी, परत कित्येक आठवडे, आणि फोन बाजारात यायची तारीख तोंडावर. मग साहेब म्हणाले, काळजी करू नका, ती खोट प्रोग्रॅम बदलून गेली. आम्ही सुटलो म्हणालो."

"दादाला माहीत होतं?"

"दादा तेव्हा नव्हतेच, ताई. त्याच आठवड्यात गेले ना ते."

ताई फौजदाराकडे वळल्या. "तू सांग. ही चिमणी नियमात बसते का?"

"छे. पाय फार बारीक. इतक्या बारीक रेघेला यंत्र लाल खूण करतं. मग मी हाताने माफी देतो, की बाबा हे चित्र आहे, याला सोड. कारखान्याला बिनखुणेचा नकाशा लागतो, किंवा माफी तरी."

"माफी दिली नाही आणि नुसतं दुरुस्तीचं बटण दाबलं तर?"

"तर यंत्र ती रेघ नियमात बसवतं. जाड करायला जागा असली तर जाड करतं. नसली तर—" फौजदार पडद्याकडे बघून थांबला. "कापून टाकतं."

"एकदा दिलेली माफी पुढच्या नकाशाला चालते?"

"नाही. नकाशाला बोट जरी लावलं तरी पुन्हा द्यावी लागते."

"या चिपेसाठी किती वेळा दिलीस?"

"एकदाच, ताई. भट्टीच्या वेळी. नंतर मला कोणी विचारलंच नाही. नकाशा तोच आहे असं सांगितलं."

ताईंनी विक्रीच्या चिपेचं चित्र चिमणीपासून हलवत मधोमध आणलं, वीज वाहून नेणाऱ्या मोठ्या तारेपाशी. म्हाताऱ्या चिपेत ती हमरस्त्यासारखी रुंद होती. हिच्यात तिच्या कडेने दोनतीन नवे बोळ घुसवलेले होते, आणि हमरस्त्याचा बोळ झाला होता. एका ठिकाणी तो बोळही तुटलेला होता, खचल्यासारखा.

"उद्या तुम्ही दोघं साहेबांच्या खोलीत या," ताई म्हणाल्या. "मी आणखी एकीला घेऊन येते."

शुक्रवारी सकाळी साहेबांच्या खोलीत पाच माणसं होती. भावजय खिडकीजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर टेबलावर नेली.

"साहेब, अहवाल पाठवायच्या आधी दोन मिनिटं ऐका," ताई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही चित्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. "ही माझ्या भावाने तपासलेली चिप. ही तुम्ही विकलेली. नाव एक, आकडा एक. पण एक चिमणी उभी आहे आणि एकीचे पाय गेलेत. म्हणजे या एकाच साच्यातून निघालेल्या नाहीत. तपासणी झाल्यावर कोणीतरी वरचा थर बदलला आणि कारखान्याला पाठवला."

"कोणीतरी म्हणजे यांच्यापैकी—"

"तेच सांगते. गोठण्याची खोट प्रोग्रॅमने गेलीच नव्हती. ती घालवायला नव्या तारा ओढाव्या लागल्या. वरच्या थरात जागा नव्हती, म्हणून विजेच्या तारेची जागा खाल्ली. पुन्हा तापवून बघितली असती तर लगेच कळलं असतं. पण वेळ नव्हता. आणि तपासणारा त्याच आठवड्यात गेला. विचारायला कोणी उरलं नाही."

साहेबांनी दोन्ही चित्रं जवळ ओढली.

"नकाशा कारखान्याला पाठवायचा अधिकार दोघांना. रेघोटीला आणि तुम्हाला. फौजदार तपासतो, पाठवू शकत नाही."

"मग रेघोटीने—"

"रेघोटी स्वतःच्या चिमणीचे पाय तोडेल? तिने गुपचूप नकाशा बदलला असता, तरी माफी मागावी लागते हे तिला झोपेतसुद्धा ठाऊक आहे. तिने पाय आधी जरा जाड केले असते, किंवा चिमणीच पुसली असती. तसा पुरावाच राहिला नसता. हे पाय अशा माणसाने घालवले, ज्याला ते गेले हे कळलंच नाही. ज्याला तार कशी वळवावी हे उत्तम कळतं, पण नवं यंत्र स्वतःच्या हाताने कधी चालवलेलं नाही. ज्याला वाटतं की लाल खुणा दिसल्या, एक बटण दाबलं, की झालं."

ते शब्द कोणाचे, हे खोलीत दोघांनाच माहीत होतं.

"साहेब, आपण पात्याने कापायचो तेव्हा चूक दिसली तर आपल्याच हाताने दुरुस्त करायचो. हात सांगितलेलं तेवढंच करायचा. माझ्यासमोर ते यंत्र ठेवलं असतं, तर मीही तेच बटण दाबलं असतं. म्हणून तर ओळखलं मी. या इमारतीत इतकं जुनं आता तुमच्याशिवाय कोणी नाही."

साहेबांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचं तोंड अचानक म्हातारं दिसलं.

"आपण नेहमी तार दुप्पट जाड ठेवायचो, ताई," ते म्हणाले. "आठवतं? मला वाटलं, अर्धी काढली तरी पुरेल. एका सुट्टीच्या दिवशी बसून केलं. बारा वर्षांनी नकाशाला हात लावला होता. खरं सांगू, बरं वाटलं त्या दिवशी."

"आपल्या वेळच्या तारा रस्त्याएवढ्या होत्या, साहेब. यांच्या तारा धुक्याएवढ्या आहेत."

"कळलं ते. फोन मरायला लागले तेव्हा कळलं."

"आणि तेव्हा तुम्ही बोलला नाहीत."

"इथे इतकी माणसं कामाला आहेत. कंपनी बुडाली असती. आणि तो तर गेलेला होता, ताई. त्याला आता काय लागणार होतं?"

भावजय इतका वेळ खिडकीबाहेर बघत होती. ती वळली. आवाज चढवला नाही तिने.

"ते गेले होते, भाऊजी. मी गेले नव्हते."

साहेबांनी टेबलावरचा अहवाल स्वतःकडे ओढला, पहिल्या पानावरचं नाव खोडलं आणि तिथे आपलं लिहिलं. मग कागद फौजदाराकडे सरकवला. "नीट टाईप करून आण," म्हणाले. "आणि माफी देऊ नकोस कुठे."

त्यानंतरचं थोडक्यात सांगायचं, तर फोन परत घेतले गेले. कंपनी आजारली, पण मेली नाही. साहेबांनी चौकशीत सगळं सरळ कबूल केलं, नोकरी सोडली आणि मुलीकडे राहायला गेले. ताईंना वर्षातून एकदा त्यांचा फोन येई. तब्येतीची चौकशी झाली की दोघंही गप्प बसत, आणि फोन लगेच ठेवतही नसत. पाच वर्षांनी ते झोपेत गेले. ताई त्यांच्या मुलीला भेटायला गेल्या, भावजय गेली नाही. ताईंनी तिला चल म्हटलंही नाही.

फौजदार अजून तिथेच आहे, आता खात्याचा प्रमुख. मधे त्याने वजन कमी करायचं मनावर घेतलं होतं, ते काही जमलं नाही. रेघोटीने दुसरी कंपनी धरली. तिथे तिच्या हाताखाली दहा माणसं नकाशे काढतात आणि बाई फार बोलतात अशी तिची तक्रार करतात. म्हातारघर पुन्हा रीतसर सुरू झालं, आणि गुडघे चालत होते तोवर ताई आठवड्यातून एकदा नव्या मुलींना शिकवायला जात राहिल्या.

भावजयीचं मात्र एक झालं. फोन मरायला लागल्यापासून ती नवऱ्याबद्दल बोलताना शब्द मोजून बोलायची, परक्या माणसाबद्दल बोलावं तशी. त्या शुक्रवारी घरी आली, पदर खोचला आणि भाजी चिरायला घेतली. ताई बाहेरच्या खोलीत होत्या. आतून आवाज आला, "मेलं एवढं झालं आणि चार दिवस आधी दवाखान्यात जा म्हटलं तर ऐकलं नाहीत. आता बसा बघत." ताईंना वाटलं कोणी आलंय. आत कोणी नव्हतं. ती फोडणीकडे बघून नवऱ्याला झापत होती.

मग ते रोजचंच झालं. डाळ खारट झाली तर त्याच्यामुळे, नळ गळला तर त्याने वेळेवर बघितला नाही म्हणून. शेजारणींनी डोक्याला हात लावून खूण केली. ताईंनी तिला कधी हटकलं नाही. उलट एखाद्या दिवशी स्वयंपाकघर फारच शांत असलं, तर ताईच दारात जाऊन विचारत:

"काय गं, आज अबोला का तुमचा?"